भरीव म्हणून पोकळ बार गळ्यात मारला

22 वर्षं स्टिअरिंगवर काढली आणि साताऱ्यात एका पार्टवाल्यानं मला लहान पोरासारखं गंडवलं. सांगतानाही लाज वाटते.

ट्रकच्या मागच्या स्टॅबिलायझर बारला, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला, वाकणावर तडा गेला होता. दुकानदार म्हणाला, "घाटात गाडी घालता ना मालक? मग सॉलिडच टाका. पोकळ स्वस्त आहे, पण तुम्हाला नाही देणार." बार 11,400, बुश-लिंक 2,350, मजुरी 1,800. जुन्या बारचे 700 वजा जाता 14,850 रुपये रोख मोजले. 700 रुपड्यांसाठी जुना बार त्याच्याकडेच टाकला, म्हणजे पुरावाही त्यालाच दिला. जुना पार्ट सोडू नका.

झोप उडते ती वेगळ्याच गोष्टीनं. पोऱ्या नवा बार एका हातात घेऊन आला, दुसऱ्या हातात चहाचा ग्लास! अर्ध्या तासापूर्वी जुना बार आम्ही दोघांनी धरून उतरवला होता. मी म्हटलंसुद्धा, "हलका दिसतोय." दुकानदार म्हणाला, "पोरगं तालमीत जातंय." मीही हसलो. टोकं चेपून भोकं पाडलेली, वर काळा रंग, आतलं दिसणार कसं? पण हातात घेऊन बघायला काय झालं होतं?

19 व्या दिवशी आलं भरून वाशीला निघालो. खंबाटकीच्या बोगद्यापुढच्या एस वळणावर खालून टण्ण झालं आणि गाडी एका कुशीवर कलली. जीव मुठीत धरून शिरवळ गाठलं. वाकून बघतो तर तुटलेल्या तोंडात करंगळी जाते.

भंगारवाल्याच्या काट्यावर भरला 10 किलो 200 ग्रॅम. 40 मिलिमीटरचा भरीव बार मीटरला जवळपास 10 किलो भरतो. माझा दोन मीटरचा, म्हणजे 20 हवे होते. काटा करूनच घ्या.

पोकळ बार वाईटच असतो असंही नाही. डिप्लोमावाल्या भाच्यानं मांडून दाखवलं : बाहेरून 40, आतून 28, तरी ताकद भरीवच्या 76 टक्के, वजन निम्मं. पण तो स्प्रिंगच्या पोलादाचा हवा. मला दिली ती वेल्डिंगची शिवण मारलेली साधी पाइप.

पोलीस ठाण्यात म्हणाले, दिवाणी बाब आहे. वजनमापवाल्यांकडे गेलो तर, "नगावर घेतलंत, किलोवर नाही." तिसऱ्या टेबलावरचा साहेब म्हणे ट्रक म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहकच नाही! 2019 च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी गाडी चालवणारा ग्राहकच धरलाय, हे साहेबाला मी सांगायचं? तीन खेटे, तीन दिवसांचं भाडं बुडालं. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात स्वतःच अर्ज टाकला. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्यांनी पहिलं मागितलं ते पक्कं बिल. माझ्याकडे चिठ्ठी, त्यावर नुसतं "बार 1 नग". "भरीव" हा शब्द लिहून घ्यायचा होता.

तुटके तुकडे सीटमागे ठेवलेत. घरी मात्र 9,000 च गेले म्हणून सांगितलंय.