गिंप: काळा डबा, पांढरी किनार आणि जुनी ज्योत

मागची पार्श्वभूमी काढलेलं हलतं चित्र बनवायचंय आणि खिशाला हात लावायचा नाही, तर गिंप हे चित्रं बनवायचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या. पण संध्याकाळपर्यंत हात बसेल या भ्रमात राहू नका. माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, वाढदिवसाचे बॅनर ही नेहमीची कामं. गणपती जवळ आले की मंडळांची पोरं येतात, "ताई, समईचं मागचं काढा आणि ज्योत हलती ठेवा." ऐकायला पाच मिनिटांचं काम वाटतं.

असंच एका मुलाने कुठल्याशा फुकट वेबसाइटवरून हलती समई बनवून आणली होती. पांढऱ्या पानावर झकास दिसली. मंडळाच्या पेजच्या गडद निळ्या पट्टीवर ठेवली आणि ज्योतीभोवती पांढरी, उंदराने कुरतडल्यासारखी किनार उमटली. त्यावर कळस म्हणजे ज्योत डावीकडे झुकली तरी उजवीकडची जागची हलेना. जुन्या ज्योती साठत साठत शेवटी समईवर केशरी पंखाच उघडला! साइटवर हे बदलायला काही सोयच नव्हती. फाईल चढवा, उतरवा, संपलं.

दोष समईचा नाही, निम्मा जीआयएफच्या, म्हणजे हलत्या चित्राच्या त्या फाईल-प्रकाराच्या घडणीचा आहे. हा प्रकार कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ साली काढला, पारदर्शकता त्यात १९८९च्या आवृत्तीत आली. एकामागून एक दाखवलेल्या चित्रांनी हालचाल भासते, त्यातलं एकेक चित्र म्हणजे चौकट. चौकटीला जास्तीत जास्त २५६ रंग, आणि त्यातल्याच एकाला 'हा दाखवू नको' म्हणायचं, एवढीच ती पारदर्शकता. ठिपका एक तर आहे, नाही तर नाही. ज्योतीच्या कडेचा तो मऊ, अर्धवट उजेड त्यात बसतच नाही. मग सॉफ्टवेअर त्या अर्धवट ठिपक्यांत पांढरा मिसळून त्यांना पक्कं करून टाकतं, आणि गडद रंगावर तीच किनार डोळ्यांत खुपते. ज्योती साठण्याचं कारण निराळं. चौकट दाखवून झाली की ती तशीच ठेवायची की पुसायची, याची सूचना प्रत्येक चौकटीसोबत असते. मागचं पारदर्शक असेल तर पुसावीच लागते, नाहीतर जुनं खालून दिसत राहतं.

गिंपमध्ये या दोन्ही गोष्टी आपल्या हातात असतात, आणि मला ते आवडलं ते याचसाठी. एक लेयर, म्हणजे एकावर एक रचलेल्या थरांतला एक थर, ही एक चौकट. लेयरच्या नावापुढे कंसात इंग्रजीत 'रिप्लेस' लिहिलं की आधीची ज्योत पुसली जाते, 'कम्बाइन' लिहिलं तर राहते. चौकट किती वेळ थांबवायची तेही तिथेच, मिलिसेकंदांत. किनारीसाठी फिल्टर्समध्ये 'वेब' आणि त्यात 'सेमी-फ्लॅटन' आहे. आधी बॅकग्राउंडचा रंग मंडळाच्या पट्टीचा तोच निळा ठेवायचा आणि एकेका लेयरवर हा फिल्टर मारायचा. अर्धवट ठिपके निळ्यात मिसळतात, पूर्ण पारदर्शक भाग तसाच राहतो. निळ्या पट्टीवर किनार शोधून सापडत नाही. तीच फाईल भगव्या बॅनरवर टाकलीत तर मात्र निळी किनार दिसणार, म्हणून कुठे लावणार ते गिऱ्हाइकाला आधी विचारून घ्यायचं. सांगता येत नसेल तर 'थ्रेशोल्ड अल्फा'ने कडा सरळ कापून टाकायच्या. थोडी खडबडीत दिसते, पण कुठेही चालते.

आता कुरकुर. टाइमलाइन नावाची पट्टी नाही, सगळा कारभार लेयरच्या यादीतून. चौकटी वाढल्या की ती यादी वर-खाली करून बोट दुखतं. दुसरं, जीआयएफसाठी चित्र मोजक्या रंगांवर आणायचं त्या इंडेक्स्ड मोडमध्ये सगळ्या लेयरना मिळून एकच २५६ रंगांची पेटी. नुसती समई असेल तर निभतं. पण झेंडूची माळ आणि रांगोळीही हवी म्हटलं की पितळेच्या चकाकीचे चट्टे पडतात. आणि नेटवरून घेतलेलं जीआयएफ उघडलं की लेयरमध्ये नुसत्या चिंध्या दिसतात. फाईल बिघडलेली नसते, जागा वाचवायला फक्त बदललेला भाग साठवलेला असतो. फिल्टर्स, ॲनिमेशन, 'अनऑप्टिमाइझ' केलं की चौकटी पुऱ्या होऊन नव्या खिडकीत उघडतात. हे कुणी सांगेपर्यंत माणूस फाईललाच शिव्या घालत बसतो.

राहिला तो शीर्षकातला काळा डबा, म्हणजे व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर समईमागे दिसणारा. व्हॉट्सॲपवर जीआयएफ म्हणून जे फिरतं ते खरं तर एमपी४ व्हिडिओ बनून जातं, आणि त्या व्हिडिओत पारदर्शकता टिकत नाही. रिकाम्या जागी बहुतेकदा काळं दिसतं, कधी पांढरं. इथे गिंप काय, महागडं सॉफ्टवेअरही काही करू शकत नाही. स्टिकर हाच मार्ग. ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचं वेबपी (हाही चित्राच्या फाईलचाच एक प्रकार), हलतं असेल तर ५०० केबीच्या आत. गिंपमधून निर्यात करताना नाव डॉट वेबपी द्यायचं आणि 'ॲज ॲनिमेशन'वर खूण करायची. वेबपीत अर्धी पारदर्शकता चालते, त्यामुळे ज्योतीचा मऊ उजेड जसाच्या तसा येतो, सेमी-फ्लॅटनची भानगडच नाही. फोनमध्ये घ्यायला स्टिकरचं ॲप लागतं, तेवढं मंडळातलं कुठलंही पोरगं करतं.

मी आता दोन्ही देते, पेजसाठी जीआयएफ आणि ग्रुपसाठी स्टिकर. पैसे एकाच कामाचे घेते, कारण मूळ एक्ससीएफ, म्हणजे गिंपची स्वतःची, सगळे लेयर जपणारी फाईल तीच. ती आरजीबीमध्येच, म्हणजे पूर्ण रंगांतच जपून ठेवा, इंडेक्स्ड करायचं ते तिच्या नकलेवर. पुढच्या वर्षी मंडळ पट्टीचा रंग बदलणारच, आणि जीआयएफमधून त्या मऊ कडा परत काढता येत नाहीत.