बटेरांच्या खुराड्यात आडोसे: पावसाळा, हिवाळा, उन्हाळा वापरून झाल्यावर

हौसेने जपानी बटेर पाळणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "टोचून टोचून एकमेकांची डोकी सोलतात, काय करू?" उत्तरही ठरलेलं येतं, जागा वाढवा. जागेने थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण आमच्याकडे मारामारी खरी कमी झाली ती आडोशांनी.

आधी तयार मिळणारा तारेचा पिंजरा होता. विष्ठा खालच्या ट्रेमध्ये पडते, अंडी घरंगळत पुढे येतात, साफसफाई झटपट. माणसाची सोय उत्तम. पण आत चारही बाजू उघड्या. मार खाणारी मादी पळून कोपऱ्यात जाते आणि तिथेही मारणाऱ्याला दिसतच राहते. कोंबडी निदान दांडीवर जाऊन बसेल. बटेर दांडीवर बसत नाही, त्याची सुटका जमिनीवरच व्हायला हवी. ही जात भारतात 1974 मध्ये उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरला आली. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढली, तरी धोका दिसला की गवतात शिरायची खोड काही गेलेली नाही.

नवं खुराडं सहा बाय तीन फुटांचं. लाकडी चौकट, अर्ध्या इंची वेल्डेड जाळी, तळाला प्लाय आणि त्यावर चार बोटं भाताचं तूस. छत जेमतेम फूटभर उंच, आतून शेडनेट ताणलेली. दचकलेला बटेर सरळ वर उसळतो आणि डोकं फोडून घेतो. म्हणून छत एक तर असं बुटकं हवं, नाहीतर माणूस उभा राहील एवढं उंच. मधल्या उंचीत त्याला वेग घ्यायला जागा मिळते, ते सगळ्यात वाईट.

आडोसे म्हणजे भिंतीला तिरकी टेकवलेली मंगलोरी कौलं, नारळाच्या झावळ्या आणि मधोमध प्लायची एक आडवी फळी. कौलाची दोन्ही तोंडं मोकळी पाहिजेत. एक बंद असेल तर तो सापळाच. परिणाम बघायचा तर दहा मिनिटं समोर बसा. नर मादीच्या मागे धावतो, ती कौलामागून पलीकडे निघून जाते. तो दोन पावलं थांबतो, मान उंच करतो आणि मग जणू काही झालंच नाही असा तूस उकरू लागतो. दिसेनाशी झाली की विषय संपला.

खाद्याची भांडी दोन टोकांना ठेवली, एकावरून दुसरं दिसणार नाही अशी. शिवाय रोज मूठभर नाचणी-बाजरी तुसात भिरकावतो. ती शोधण्यात दुपार जाते. धुळीत लोळायला चाळलेली राख आणि बारीक वाळू, त्याच्याही दोन पराती, कारण एकीवरून धक्काबुक्की व्हायची. खाद्यात प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास हवीत. ती कमी पडली तर पिसं उपटणं सुरू होतं, मग कौलं कितीही लावा.

नरांचं गणित मात्र कुठलाही आडोसा सुधारत नाही. एका नरामागे चार-पाच माद्या, आणि जास्तीचा नर वेगळा. छाती तांबूस तो नर, ठिपकेदार ती मादी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कळायला लागतं. हिवाळ्यात जादा बल्ब लावणंही बंद केलं. दिवस चौदा तासांच्या वर ताणला की अंडी भरपूर, पण नर चेकाळतात. मला अंड्यांपेक्षा शांतता परवडली, विक्री करणाऱ्याला परवडणार नाही.

तोटेही आहेत. ठिपक्यांची अंडी तुसात शोधत बसावं लागतं. आजारी पक्षी कौलाखाली दडी मारतो, म्हणून सगळ्यांना अधूनमधून हातात धरून बघावं लागतं. पावसाळ्यात तर तूस दमट होऊन अमोनियाचा वास डोळ्यांत झोंबतो आणि झावळ्यांना बुरशी धरते. त्या दिवसांत मी झावळ्या काढून फक्त कौलं ठेवतो आणि तूस आठवड्यातून दोनदा बदलतो.

नवे पक्षी सोडायचे तर संध्याकाळी, उजेड उतरल्यावर सोडा, आणि त्याआधी सगळी कौलं हलवून ठेवा. जुन्यांनाही जागा नवखी वाटते, हद्दीचा तोरा उतरतो. तरी पहिल्या सकाळी लक्ष ठेवायला कुणीतरी घरी पाहिजेच.