मिरजेहून येणारी जवारी : संगीत विभागातील सहा तंबोऱ्यांच्या वार्षिक सेवेविषयी

पणजीतील आमच्या महाविद्यालयाच्या संगीत विभागात सहा तंबोरे आहेत. चार स्त्रियांच्या पट्टीचे (पट्टी म्हणजे गाणाऱ्याच्या षड्जाची उंची) आणि दोन पुरुषांच्या पट्टीचे. विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमाचे गायनाचे सगळे वर्ग, परीक्षा आणि महिन्याची विद्यार्थी-बैठक याच सहा वाद्यांवर चालते. गेली चार वर्षे या तंबोऱ्यांची जवारी काढण्यासाठी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा हलका घासून आवाज पुन्हा उघडण्यासाठी, मिरजेचे एक वयस्क कारागीर चवथीनंतर आणि दिवाळीपूर्वी आमच्याकडे येतात. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या गावाच्या कारागिरीविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्या कारागिरीची दुरुस्ती-सेवा घेणाऱ्याला नेमके काय मिळते, हे फारसे कोणी लिहीत नाही. गोव्यातील इतर संगीतवर्गांना उपयोग व्हावा म्हणून मी ते येथे नोंदवीत आहे.

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या काळात खुंट्या फुगून भोकात घट्ट बसतात, पोलादी तारांवर गंज धरतो, खर्जाची (सर्वांत खालच्या स्वराची) पितळी तार काळवंडते आणि गवसणी (कापडी खोळ) न काढता कोपऱ्यात ठेवलेल्या भोपळ्यावर पांढरी बुरशी चढते. पावसाळा ओसरला की लाकूड सुकते आणि त्याच खुंट्या सैल होऊन सरकू लागतात. पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी या सांध्यावर येते. कारागीर यायला लागण्यापूर्वी आमच्या विद्यार्थ्यांची परीक्षेतील पहिली काही मिनिटे तंबोरा लावण्यातच जात असत आणि तो लागत नसे.

त्याआधी आम्ही एका दुकानातून हेच काम करवून घेतले होते. तेथे घोडीचा पृष्ठभाग यंत्रावर घासून अगदी सपाट करण्यात आला आणि तंबोरा परत आला तेव्हा त्याचा आवाज पत्र्यावर नखे घासल्यासारखा येत होता. त्या घोडीचे पुढे काहीच करता आले नाही. ती बदलावी लागली. जवारी म्हणजे झीज काढून टाकणे नव्हे, हे तेव्हा पैसे घालवून समजले.

तंबोऱ्याची तार घोडीवर एका बिंदूवर टेकत नाही. घोडीच्या माथ्याला पुढच्या बाजूने अत्यंत हलका उतार असतो आणि कंप पावणारी तार त्या उतारावर अंतराअंतराने स्पर्श करीत राहते. या घासटण्यामुळेच मूळ स्वराच्या वरचे उपस्वर उमलतात आणि टिकून राहतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली याच घोडीचा अभ्यास केला आणि एरवी जे उपस्वर तारेतून निघू नयेत, तेही येथे ऐकू येतात, हे दाखवून दिले. खर्जाच्या तारेतून, कोणी छेडलेला नसतानाही, वरच्या सप्तकात गांधार उमटतो, तो याच कारणाने. रोज छेडल्यामुळे तारा घोडीत बारीक खाचा पाडतात, उताराची रेषा तुटते आणि गांधार हरवतो. विद्यार्थ्याला ते शब्दांत सांगता येत नाही. त्याचा षड्ज मात्र डळमळू लागतो.

कारागीरकाका गोवा एक्सप्रेसने मडगावला उतरतात आणि पत्र्याच्या एका पेटीत सगळी अवजारे घेऊन येतात : तीन-चार जाडीच्या कानशी, पॉलिशकागद, तारांची वेटोळी, मणी, खडूचे तुकडे आणि सुती धाग्याचे रीळ. एका तंबोऱ्याला त्यांना जवळजवळ दोन तास लागतात. तारा ढिल्या करून ते घोडी काढतात, माथ्यावर कानस चार-पाच वेळाच फिरवतात, घोडी पुन्हा बसवतात, तारा सुरात आणतात आणि डोळे मिटून ऐकतात. मग पुन्हा सगळे सोडतात. एका तंबोऱ्यासाठी हा फेरा त्यांनी अकरा वेळा केलेला मी मोजला आहे. शेवटी तारेखाली धागा सरकवून ते त्याची नेमकी जागा शोधतात आणि त्या क्षणी खोलीतला आवाज एकदम उघडतो. तो क्षण विद्यार्थ्यांनी जवळ बसून ऐकावा, यासाठी त्या दिवशी आम्ही तास रद्द करतो. विभागाच्या वर्षातील इतर कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्यांना तेथे अधिक मिळते, असे माझे ठाम मत आहे.

मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, ‘काका, ही घोडी इतकी पिवळी पडली आहे, नवी बसवायची का?’ त्यावर ते म्हणाले, ‘नको बाळा, जुनीच ऱ्हाऊ दे. हाड मुरलंय आता, अजून लई वर्षं बोलंल ती.’ पूर्वी या घोड्या सांबरशिंगाच्याही होत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्या मार्गाला बंधने आली आणि आता हाड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. आपल्या घुमट या चर्मवाद्याची गोष्टही याच वळणाची आहे : घोरपडीच्या कातड्याच्या जागी बकऱ्याचे कातडे आले आणि 2019 साली घुमट गोव्याचे वारसा-वाद्य म्हणून जाहीर झाले, तेव्हा ते या बदललेल्या रूपातच मान्य झाले.

या सेवेचा सर्वांत मोठा लाभ मात्र कानशीने झाला नाही. तो त्यांच्या एका सल्ल्याने झाला. आमच्याकडे, हार्मोनियमच्या पट्ट्यांच्या भाषेत, मुली काळी चार आणि काळी पाचमध्ये, तर मुले काळी एक आणि पांढरी दोनमध्ये गातात, आणि जो तंबोरा हाती लागेल तो आपल्या पट्टीला चढवून किंवा उतरवून घेत. कारागिरांनी पहिल्याच वर्षी सांगितले की जवारी एका विशिष्ट पट्टीसाठी आणि तारेच्या विशिष्ट जाडीसाठी लागते. दोन-तीन स्वर खाली उतरवल्यास तार ढिली पडते आणि काढलेली जवारी वाया जाते. तेव्हापासून प्रत्येक तंबोऱ्याच्या गवसणीवर त्याच्या पट्टीची चिठ्ठी शिवलेली आहे आणि वेळापत्रकही पट्टीनुसार लागते. तारा तुटण्याचे प्रमाण तेव्हापासून डोळ्यांत भरण्याइतके कमी झाले.

आंतरविद्यापीठ युवा महोत्सवात शास्त्रीय गायनाला 15 मिनिटे मिळतात आणि त्याआधी मांडणीसाठी 5 मिनिटे. त्या पाच मिनिटांत तंबोरा लागला नाही, तर पुढच्या पंधरा मिनिटांना अर्थ उरत नाही. गेल्या खेपेस आमच्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थिनीने विभागाचा तंबोरा सोबत नेला, तीन मिनिटांत लावला आणि उरलेली दोन मिनिटे शांत बसून ऐकत राहिली. तिला क्रमांक मिळाला, त्याचा आनंद आहेच. मला अधिक मोलाची वाटते ती तिची ती दोन मिनिटे. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या थोर गायिकांचा वारसा आपण सांगतो, तेव्हा त्यांच्या मागे दोन जुळलेले तंबोरे असत, याचीही आठवण विभागांनी ठेवली पाहिजे. मोबाइलमधील तंबोरा सरावाला सोयीचा आहे आणि मीही तो प्रवासात वापरते. परंतु तो आधीच जुळलेला असल्यामुळे विद्यार्थ्याचा कान स्वतः काहीच जुळवत नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. हे कारागीर वर्षातून एकदाच येतात आणि मार्चमध्ये, दुसऱ्या सत्राच्या परीक्षेच्या तोंडावर काही बिघडले तर उपाय नसतो. तबलीला (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला) तडा गेलेला एक तंबोरा त्यांना येथे दुरुस्त करता आला नाही. तो मिरजेला पाठवावा लागला आणि परत यायला सहा आठवडे लागले. त्यांच्याकडे छापील पावती नसते आणि महाविद्यालयाच्या कार्यालयाला तीन दरपत्रके लागतात. पहिल्या वर्षीचा खर्च आम्ही शिक्षकांनी आपसात वाटून घेतला. आता त्यांच्याकडून सही केलेले हाती लिहिलेले देयक घेतो आणि ते ‘वाद्य-देखभाल’ या शीर्षाखाली मंजूर होते. इतर विभागांनी आरंभापासूनच तसे करावे.

गेल्या वर्षी एका तंबोऱ्यामागे आम्ही 1200 रुपये दिले, तारांचा खर्च वेगळा, आणि प्रवास व एका रात्रीचा मुक्काम आमच्याकडे. एकाच तंबोऱ्यासाठी हे परवडणारे नाही. म्हणून यंदा फोंडा आणि म्हापसा येथील दोन खासगी वर्गांनी आपले तंबोरे आमच्याकडे आणून ठेवावेत आणि प्रवासखर्च वाटून घ्यावा, असे ठरले आहे. वाद्ये आदल्या दिवशी आणावीत, गवसणी काढून पंख्याखाली ठेवावीत आणि आपली पट्टी चिठ्ठीवर लिहून दांडीला बांधावी.