इंटेल की एएमडी: कारखाना घ्यायचा की आराखडा?

इंटेल १९६८ची, एएमडी १९६९ची. दोघींचे प्रोसेसर दुकानात शेजारी शेजारी मांडलेले असतात, म्हणून शेअरही एकाच तराजूत तोलले जातात. गफलत तिथेच होते.

एएमडीने २००९ मध्ये आपले कारखाने वेगळे काढले. आता ती फक्त आराखडे काढते. तिच्या मुख्य चिप तैवानची टीएसएमसी बनवते. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणंच ते, पण अंगावर कारखान्याचा खर्च नाही. इंटेल मात्र आराखडाही काढते आणि कारखानाही चालवते. कित्येक वर्षं हाच तिचा दरारा होता. मग चिप आणखी बारीक घडवण्याचं दहा नॅनोमीटरचं तंत्र रखडत गेलं आणि कारखाना पांढरा हत्ती झाला. २०२४ मध्ये एकट्या त्या विभागाचा तोटा १३ अब्ज डॉलरच्या वर गेला, लाभांशही थांबला.

एएमडीचा शेअर २०१५ मध्ये दोन डॉलरच्याही खाली होता. तेव्हा घेतलेला एकही माणूस मला अजून भेटलेला नाही, सांगणारे मात्र पुष्कळ. लिसा सू २०१४ मध्ये प्रमुख झाल्या, २०१७ मध्ये रायझन हा नवा प्रोसेसर आला आणि चित्र पालटलं. २०२४ची एएमडीची विक्री सुमारे २६ अब्ज डॉलर, इंटेलची ५३. निम्म्या विक्रीच्या कंपनीला बाजाराने जास्त मोल दिलं, ते एआयच्या आशेवर. म्हणजे एआय चिपमधली दादा कंपनी एनव्हिडिया, तिच्या ताटातला घास एएमडी किती ओढते, यावर तुमचा परतावा ठरणार.

इंटेलमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला, दर २०.४७ डॉलर. कंपनी बुडू देणार नाहीत, असा अर्थ अनेकांनी काढला. पण कंपनी तगणं वेगळं आणि भागधारकाला पैसा मिळणं वेगळं. नवे शेअर निघाले की जुन्यांचा वाटा आक्रसतोच. माझ्या लेखी खरी खूण एकच: इंटेलच्या कारखान्यात आपल्या चिप बनवून घेणारं बाहेरचं मोठं गिऱ्हाईक. ते मिळालं नाही तर चिप घडवण्याचं पुढचं १४ए तंत्र थांबवू शकतो, असं इंटेलनेच २०२५ मध्ये जाहीर केलं होतं.

मी स्वतः एएमडीकडे झुकतो, तेही भाव घसरला की थोडंथोडं. इंटेल घ्यायचीच तर गेले तरी झोप उडणार नाही, एवढेच पैसे. आणि भारतातून घेणार असाल तर दोन्हींची नोंद प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या रकान्यात करायची, शेअर विकला नसला तरीही.