कॉलेजचा पब्लिक स्पीकिंग कोर्स: आधी वर्गात किती मुलं ते विचारा

मुंबईतल्या बऱ्याच डिग्री कॉलेजांत पहिल्या सत्रात नोटीस लागते: पब्लिक स्पीकिंग, ३० तास, शेवटी सर्टिफिकेट. कोर्स घ्यावा का? घ्यावा, पण पत्रकावरची विषयांची यादी वाचून ठरवू नये. देहबोली, आवाजातले चढउतार, श्रोत्यांशी नजरभेट हे सगळ्याच पत्रकांवर असतं. बोलायला किती वेळा उभं करणार, हे मात्र लिहिलेलं नसतं, आणि कोर्सची खरी किंमत तिथेच कळते.

हिशोब सोपा आहे. एका विद्यार्थ्याचं चार मिनिटांचं भाषण, दोन मिनिटं त्यावरचा अभिप्राय आणि एक मिनिट पुढच्याला वर यायला. सात मिनिटं झाली. वर्गात ६० मुलं असतील तर एका फेरीलाच सात तास जातात. सुरुवातीचे आठ-नऊ तास लेक्चरचे धरले तर ३० तासांत जेमतेम तीन फेऱ्या बसतात. २५ मुलांच्या वर्गात तीच फेरी तीन तासांत आटोपते आणि सात वेळा उभं राहायला मिळतं. पहिल्या दोन फेऱ्या घाबरण्यात आणि 'हात कुठे ठेवू' यातच जातात, त्यामुळे तीनवर थांबणारा कोर्स नेमका सुधारणा सुरू होते तिथे संपतो. नव्या शैक्षणिक धोरणात कोर्स क्रेडिटला जोडलेला असेल तर एका क्रेडिटला लेक्चरचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० धरतात. म्हणून दोन क्रेडिट ऐकून खूश होऊ नका, त्यात प्रात्यक्षिक किती ते ऑफिसात विचारून घ्या.

आणखी एक बारकी गोष्ट म्हणजे रोल नंबरचा क्रम. संध्याकाळच्या बॅचला पाच वाजले की विरार-बदलापूरकडची मुलं बॅगा आवरू लागतात आणि शेवटचे दहा जण अर्ध्या रिकाम्या वर्गापुढे बोलतात. अभिप्राय म्हणून त्यांना मिळतं 'छान, नेक्स्ट'. दर फेरीला क्रम उलटा करायला सांगा. चांगले शिक्षक लगेच ऐकतात.

पहिल्या आठवड्यांतली थिअरी फार मनावर घेऊ नका. खरं काम पहिल्या भाषणापासून, आणि तिथे जवळपास सगळे दोनच ठिकाणी अडकतात. एक, शाळेतली सुरुवात. 'आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बंधूभगिनींनो, आज मी तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांत चित्ताने ऐकून घ्यावेत' यात चार मिनिटांतली दहा-बारा सेकंद गेली आणि विषय अजून दाराबाहेरच. संबोधन एका ओळीत उरकून सरळ मुद्द्यावर यायला शिकवतात, ते बरोबर आहे. दोन, पाठांतर. शब्दन् शब्द पाठ केला की प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला लटकलेलं असतं. मधला एक शब्द निसटला की पुढचं सगळं जातं, आणि मुलगा पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतो. उपाय असा: पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं पाठ, मधले चार-पाच मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर, मोठ्या अक्षरात आणि एकाच बाजूला. कार्डं एकाहून जास्त असतील तर नंबर घाला, कारण ती हातातून पडतात. ए-फोर कागद नको. हात थरथरला की तो फडफडतो आणि माइक ती फडफड उचलतो.

शब्दसंख्येचा अंदाज म्हणजे मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द. घरी घड्याळ लावून चार मिनिटांचं केलेलं भाषण स्टेजवर तीन मिनिटांत संपतं, कारण घाबरल्यावर वेग वाढतो. त्यावर जास्त मजकूर लिहिणं हा उपाय नव्हे, प्रत्येक मुद्द्यानंतर एक पूर्ण श्वास थांबणं हा आहे.

माइकवर किमान एक सत्र हवंच. बरेच कोर्स ते गाळतात, कारण हॉल मिळत नाही. वर्गात पंख्याच्या घरघरीवर आवाज चढवायची सवय लागते आणि स्पर्धेला हॉलमध्ये गेल्यावर तीच मुलं माइकमध्ये ओरडतात. माइक तोंडापासून चार-पाच बोटं लांब, हनुवटीच्या जरा खाली, किंचित तिरका धरा. अगदी समोर धरला तर 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा फटका बसून धप्प आवाज येतो. जाळीभोवती मूठ आवळली किंवा स्पीकरच्या समोर गेलात की शिट्टी वाजते, कारण स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून फिरत राहतो. आणि पीपीटी दाखवताना मान पडद्याकडे वळली की निम्मं वाक्य हरवतं.

उत्स्फूर्तची फेरी सगळ्यांना नको असते, पण कोर्समधली सर्वांत उपयोगी तीच. चिठ्ठी उचलायची, दोन मिनिटं विचार, तीन मिनिटं बोलणं. ती दोन मिनिटं वाक्यं लिहिण्यात घालवणारा हमखास अडकतो. आधी शेवट ठरवा, मग तिथे नेणारे दोन मुद्दे आणि प्रत्येकाला एक उदाहरण. एवढ्यात तीन मिनिटं भरतात.

अभिप्रायाचा दर्जा हाच कोर्स निवडण्याचा दुसरा निकष. 'कॉन्फिडन्स वाढव' या वाक्याचं करायचं काय? 'तिसऱ्या मुद्द्यापासून नजर खिडकीकडे होती', '"म्हणजे" हा शब्द अकरा वेळा आला' असं सांगणारा शिक्षक हवा. मोबाइलवर रेकॉर्डिंग होत असेल तर फारच उत्तम. ते आधी आवाज बंद करून पाहा, हातांच्या सवयी तेव्हाच दिसतात. मग डोळे मिटून ऐका.

भाषेचंही आधी विचारा. बरेच वर्ग इंग्रजीत चालतात आणि मराठीत बोलायला परवानगी असली तरी मराठी उच्चार तपासणारं कुणी नसतं. 'न'-'ण', 'ल'-'ळ', 'चार' आणि 'चाक' यांतला वेगळा 'च', हे तिथे सुटून जातं. आंतरमहाविद्यालयीन मराठी वक्तृत्व स्पर्धांना उतरायचं असेल तर कोर्सपेक्षा कॉलेजचं मराठी वाङ्मय मंडळ जास्त कामाचं.

भीती पूर्ण जाईल ही अपेक्षा ठेवू नका. सात फेऱ्यांनंतरही पहिल्या मिनिटाला धडधडतंच, फक्त तिच्यासकट बोलता येतं. सर्टिफिकेटला मात्र ७५ टक्के हजेरीची अट बहुधा असते. युवा महोत्सवाची तालीम आणि अंतर्गत परीक्षा याच महिन्यांत येतात, तेव्हा वेळापत्रक हातात आल्याशिवाय फी भरू नका.