लहारचा इशारा: ताणलेली तार की जिओफोन?

लहार म्हणजे ज्वालामुखीच्या उतारावरून येणारा, ओल्या सिमेंटसारखा लोंढा. पैसे एकाच यंत्रणेपुरते असतील तर काय घ्यावं?

तार स्वस्त. पात्रात आडवी ताणायची. तुटली की सर्किट उघडतं, भोंगा वाजतो. पण गुरं, वाहतं झाड, कुणाची खोडीही ती तोडते. शिवाय एकदा तुटली की मागून येणाऱ्या लोंढ्याची खबरच नाही, आणि तेव्हा पात्रात उतरून नवी बांधणं जिवावरचं काम.

जिओफोन म्हणजे जमिनीची थरथर टिपणारं यंत्र. ते काठावर पुरतात. लहारची थरथर साधारण 30 ते 80 हर्ट्‌झ, ज्वालामुखी-भूकंपांची बहुतेक 10 च्या खाली. म्हणून गल्लत कमी. 1991 मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीवर हेच बसवले. खर्च मात्र जास्त, आणि सौरपॅनलवर राख साचली की बॅटरी बसते.

दर पावसाळ्यात लोंढे येणाऱ्या खोऱ्याला जिओफोनच. क्वचित येत असतील, राखण करायला माणूस असेल, तर तार चालेल.