शॉर्टकट की मॅक्रो? बेळगावकडच्या टायपिंगवाल्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या टायपिंगच्या दुकानात एकाच दिवशी कन्नड अर्ज, मराठी संमतीपत्र आणि इंग्रजी अ‍ॅफिडेव्हिट येऊ शकतं. अशा कामात मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये मजकुरासाठी शॉर्टकट (कीबोर्डवरची ठरलेली बटणं) आणि पानाच्या मांडणीसाठी मॅक्रो (एकदा रेकॉर्ड करून हवं तेव्हा चालवायच्या कृती), असा माझा कौल.

शॉर्टकटला तयारी लागत नाही. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबला की कीबोर्डची भाषा बदलते, एफ४ने शेवटची कृती पुन्हा होते, कंट्रोल एचने चुकलेलं आडनाव सगळीकडे एकदम सुधारतं. (अक्षरं कॅपिटल करणारं शिफ्ट एफ३ इंग्रजीपुरतंच, मराठीला निरुपयोगी; देवनागरीत कॅपिटल अक्षरं आहेत कुठे?)

मॅक्रोची मजा लांबलचक कामात. मार्जिन, फॉन्ट, ओळींमधलं अंतर, सगळं एका दाबात. रेकॉर्डिंग चालू असताना माउसने मजकूर निवडता येत नाही, शिफ्ट आणि बाण वापरावे लागतात, तेही चालेल. खरी गोची पुढे आहे. मॅक्रोच्या कोडमध्ये देवनागरी काय, कन्नड काय, दोन्हींची प्रश्नचिन्हं होतात. नुसता ‘अ’ हवा तरी युनिकोडचा (अक्षरांना आकडे देणाऱ्या पद्धतीचा) २३०९ हा आकडा द्यायचा! अख्खा मायना असा लिहायला कोण बसणार? त्यापेक्षा मायना निवडा, ऑल्ट एफ३ दाबून छोट्या नावाने साठवा. पुढे ते नाव टाइप करून एफ३ दाबलं की मायना हजर.

आणि गिऱ्हाइकाला ईमेलने मॅक्रोसकट फाइल पाठवू नका. २०२२पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो वर्ड आपणहून अडवू लागला आहे.